टाकीतल्या रबरी मासोळ्या

आमचे हे रिटायर झाले आणि मासेमार झाले. सारा जन्म अकोल्यात गेला, पोहता येत नाही, ताटात मासा आला तर काटे मी काढून द्यायचे. तरी मोबाईलवर कुठल्याशा अमेरिकन माणसाला बास नावाचा मासा धरताना पाहिलं आणि यांचं डोकं फिरलं. तो मासा आपल्या तलावांत नसतोच, हे मुलीने सांगून पाहिलं. "मरळ हाय ना," म्हणाले.

मागवलं काय, तर छत्रीचा सांगाडा. एका शिशाच्या मुंडक्यातून फुटलेल्या पाच तारा आणि प्रत्येक तारेच्या टोकाला लुसलुशीत रबराची मासोळी, तिच्या पोटात गळ. पाण्यातून ओढलं की बारक्या माशांची झुंड चालल्यासारखं दिसतं म्हणे, आणि मोठा मासा चवताळून येतो. आमच्या तलावात त्या पाच गळांना बाभळीची फांदी, बेशरमीचं झुडूप आणि कोणाची तरी चप्पल लागली. मरळ काही चवताळली नाही. घरी येऊन हे मला मासोळीची शेपटी कशी वळवळली पाहिजे ते समजावत बसायचे. ज्या माणसाने स्वतःचा चहाचा कप कधी उचलून ठेवला नाही, त्याला रबराच्या शेपटीची एवढी काळजी! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

चहाच्या कपाचं तर बोलूच नका. मला पाहायला आले तेव्हा साखर कमी म्हणून यांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला होता. आमच्याकडे रीत अशी, की मुलीच्या घरचं चहापाणी घेतलं म्हणजे होकार. पसंत नसेल तर पाहुणे पाण्याला तोंड न लावता उठतात. ठेवलेला कप पाहून माझ्या वडिलांचा चेहरा उतरला. शेवटी सासऱ्यांनी स्वतःचा कप रिकामा केला, म्हणून माझं लग्न ठरलं.

मुलीच्या वेळीही तीच रीत. स्थळ अकोटचं, मुलगा तिच्याच कॉलेजातला, दोघांचं आधीच जमलेलं. अडचण एकच, मुलाचे वडील माळकरी. "बाबा, त्यायच्यासमोर मासेमारीचा विषय काढू नका," असं मुलीने हात जोडून सांगितलं होतं. यांनी विषय काढला नाही. मासोळ्या फक्त टाकीत सोडल्या.

अकोल्यात नळाची वाट किती पाहावी लागते ते इथल्या बाईला विचारा. नळ आला की टाकी भरायची आणि पुढचा नळ येईपर्यंत ते पाणी जिवापाड जपायचं. त्या टाकीत यांनी आदल्या संध्याकाळी शेपट्यांची चाल तपासली. मासोळ्याही नुसत्या नाहीत, मोठ्या माशांना भुलवायला माशाच्या वासाचं तेल मिळतं ते चोपडून. मग सांगाडा तसाच आत लटकत ठेवला. सकाळी मी शिऱ्याच्या गडबडीत होते, तर मदत म्हणून माठही यांनीच भरला. संसारातली यांची पहिली मदत ती.

पाहुणे आले, बसले. मुलीने पाणी आणलं. मुलाच्या वडिलांनी पेला तोंडाशी नेला आणि थांबले.

"पाण्याले वास येऊन रायला. कायचा हाय?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे पंख्याकडे पाहत होते. यांच्या कपड्यांना येणारा तो वास मुलीलाही ओळखू आला. ती मागे गेली आणि ठिबकणारा सांगाडा घेऊन आली.

"खोटं काहून सांगू? बाबांनी हे टाकीत सोडलं होतं. रबराचे हायेत."

मुलाच्या वडिलांनी पेला खाली ठेवला. अशा वेळी माणसाने माफी मागावी. हे काय म्हणाले? "पाचही येगयेगळे फिरतात."

मुलाचे वडील उठायला लागले. तेवढ्यात मुलाने वडिलांपुढचा पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ओकारी कशीबशी गिळली. मग मुलीला म्हणाला, "अजून आण."

वडील हळूच खाली बसले. "आता प्यायलाच ना हा," म्हणाले. सोयरीक ठरली.

त्या छत्रीला जावई लागला, असं हे आता येईल त्याला सांगतात. सांगोत. पाहुणे गेल्यावर मी मोरीत जाऊन रडले, तेव्हा यांना वाटलं मुलगी जाणार म्हणून. मुलीसाठी नव्हते रडत मी. माझ्या चहात फक्त साखर कमी होती.