लशीचं गाऱ्हाणं

आमच्या गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे आहे. म्हणजे गावातर्फे देवाशी बोलायचं काम. बाबा पुढे उभे राहून एकेक मागणं मोठ्यानं मागतात आणि मागे जमलेला गाव प्रत्येक मागण्याला एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतो. लहानपणी मला वाटायचं, देव बहिरा असावा, नाहीतर एवढं ओरडायचं कशाला? आईला तसं म्हटलं तर तिनं पाठीत धपाटा घातला होता. गाऱ्हाण्याची थट्टा करायची नाही. गावानं एकदा 'व्हय' म्हटलं की ते मागणं एकट्याचं राहत नाही आणि परतही घेता येत नाही. घ्यायचंच झालं तर पुन्हा सगळ्या गावासमोर उभं राहून, काय चुकलं ते आपल्या तोंडानं सांगून माफी मागावी लागते.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत बाबांनी जे गाऱ्हाणं घातलं, ते त्यांना असं परत घेता आलं नाही.

ऐन आंब्याचे दिवस होते. जामसंड्याच्या पुढे आमची थोडी कलमं आहेत. बाबा आंबा उतरवून आणतात, आई निवडते, आणि पेट्या भरणं नि फोनवरची गिऱ्हाइकं सांभाळणं माझ्याकडे. माझा धाकटा भाऊ जहाजावर इंजिनरूममध्ये. तो घरून निघाला तेव्हा त्याच्या वयाच्या माणसांना लस मिळतच नव्हती, त्यामुळे तसाच चढला. आणि आता त्याचं जहाज आफ्रिकेतल्या कुठल्याशा बंदराबाहेर नांगरून पडलं होतं. त्यांच्यातल्या दोघांना ताप येऊन त्यांना बोटीनं किनाऱ्यावर नेलं होतं. भाऊ सांगायचा की बाकी सगळे ठीक आहेत. जहाजावरची सगळी मुलं घरी असंच सांगतात.

त्या महिन्यात आईचा एकच प्रश्न होता. त्याचा फोन आला की ती 'जेवलास काय' हे विचारायच्या आधी विचारायची, "लस गावली रे?"

"नाय गो आये. गावतली."

इकडे आमची तरी कुठे धड सोय होती? आरोग्य केंद्रात लस आली की तासाभरात संपायची. लोक पहाटेच रांगेत आपल्या जागी दगड, चपला, नारळाची सोडणं ठेवून जायचे. एकदा दोन सोडणांची अदलाबदल झाली म्हणून दोन सख्खे चुलत भाऊ हमरीतुमरीवर आले. त्यात तरुणांसाठी मोबाइलवर नंबर लावायची पद्धत निघाली. आमच्याकडे रेंज येते ती सड्यावर, म्हणजे गावामागच्या उंच कातळमाळावर चढल्यावर. आमची पोरं धापा टाकत वर पोचेपर्यंत शहरातल्यांनी घरात बसून आमच्या केंद्रातले नंबर पटकावलेले असायचे. मग त्यांच्या गाड्या यायच्या. लस घ्यायची, समुद्राबरोबर फोटो काढायचे आणि जाताना आमच्याच खळ्यातून, म्हणजे घरापुढच्या अंगणातून, आंब्याची पेटी न्यायची. मी पेटी विकायची आणि गाडी वळली की मनात शिव्या घालायची. धंद्यात हे जमवावं लागतं.

संध्याकाळी आमच्या खळ्यात चार माणसं लांब लांब बसायची. टीव्हीवर दाखवत होते की आपल्या देशातली लस परदेशात पाठवली गेली, विमानात खोके चढतायत, कुठल्या कुठल्या देशांचे लोक आभार मानतायत. आमच्याकडे ते बघून कुणाला अभिमान वाटला नाही. "आमची माणसा मरतत आणि हे परमुलखात दानधर्म करतत," असं एक जण म्हणायचा आणि बाकीचे माना हलवायचे. शेजारच्या काकीचा नवरा त्याच महिन्यात ओरोसच्या इस्पितळात वारला होता. त्याचा लशीचा नंबर दोनदा येऊन हुकला होता. ज्याचं जळतं त्याला कळतं. काकी भिंतीला टेकून नुसती बसलेली असायची आणि तिच्यासमोर कुणाची वेगळं बोलायची हिंमत नव्हती.

माझी होती, कारण माझी जीभ मुळातच आगाऊ. एकदा सगळे गेल्यावर मी बाबांना म्हटलं, "पयल्या नंबरचो आंबो आपण दुबयक धाडतंव, डागी घरात खातंव. तेव्हा नाय कोण म्हणना घरचो आंबो घरात ऱ्हवांदे म्हणान?"

बाबा पेटीला दोरी बांधत होते. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "आंबो नाय गावलो म्हणान कोण मरणा नाय गो," ते म्हणाले.

मी पुढची पेटी ओढून भरायला घेतली. 

मग गावानं ठरवलं की देवाला सांगायचं. देऊळ बंद होतं, म्हणून बाहेरच, मोजकी माणसं तोंडाला फडकी बांधून उभी राहिली. आई आणि मी मागे, बायकांत. बाबांचा आवाज मोठा आहे, फडक्यातूनही खणखणीत यायचा. संकट टळू दे, रोग हटू दे, झालं. "व्हय म्हाराजा." दरवर्षीचं मागणं आलं. "जी लेकरां मुंबयक, देशावर, दर्यावर पोट भरूक गेली आसत, तेंची राखण कर रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आणि त्याला लागूनच नवं मागणं आलं. "गावची लस गावात ऱ्हवू दे, देशाची लस देशाभायर जाव देव नको रे म्हाराजा!"

त्या दिवशीचा सगळ्यात मोठा 'व्हय म्हाराजा' तो होता. काकी इतकी ओरडली की तिचं फडकं खाली आलं. मी बाजूला बघितलं. आईचे ओठ मिटलेले होते.

घरी आल्यावर तिनं बाबांना पाण्याचा तांब्या दिला आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "दर्यावरच्या लेकरांची राखण कर म्हटलात. आणि लस भायर जाव देव नको म्हटलात. तुमचो झील खंय आसा? देवान आता खंयचा आयकूचा?"

बाबांनी तांब्या खाली ठेवला. त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. गावाचं मागणं त्यांनी गावासाठी मागितलं होतं आणि स्वतःचा मुलगा त्यांनी नेहमीप्रमाणे आधीच्या मागण्यात सुरक्षित ठेवून दिला होता. तिथेही कुणीतरी कुठूनतरी आलेली लसच टोचणार, हा विचार त्यांना शिवला नव्हता.

"देव काय खुळो नाय," ते शेवटी म्हणाले. "तेका समाजता."

"तेका समाजता, तर मगे वरडलात कित्याक?" आई म्हणाली आणि आत गेली. तिचं माझ्या लहानपणीच्या शंकेशी जमलेलं बघून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

थोड्याच दिवसांत बातम्यांत सांगायला लागले की लस बाहेर पाठवणं आता वर्षअखेरपर्यंत बंद, आधी आपल्या लोकांना देणार. दिल्लीत ठरवणाऱ्यांना आमच्या देवाचं नावही माहीत नसेल. पण गावात कोण ते ऐकतो? "काकानू, देवान आयकला हां!" म्हणत माणसं घरी यायला लागली. एकानं नारळ आणून दिला. बाबांनी तो घेतला. न घ्यावा तर सांगणार कुणाला आणि काय? नुसतं तोंड दाबून बुक्क्यांचा मार. गाऱ्हाणं परत घ्यायचं तर काकीसमोर उभं राहून म्हणावं लागलं असतं, की देवा, ती लस बाहेर जाऊ दे, माझा मुलगा तिकडे आहे. मी बाबांच्या जागी असते तर म्हटलं असतं का? नसतं म्हटलं.

पुढच्या खेपेला केंद्रात बरीच लस आली आणि काकीला मिळाली. दंड धरूनच ती आमच्या खळ्यात आली. "भावजीनू, तुमच्यामुळे गावली," म्हणाली. "तेंका नाय गावली, माका गावली." आणि वाकून बाबांच्या पाया पडायला लागली. बाबा इतक्या घाईनं मागे सरले की आंब्याच्या पेटीवर आदळले. काकीनं विचारलं, "झील बरो मां?" आणि बाबा म्हणाले, "बरो."

भावाचा फोन आदल्याच दिवशी येऊन गेला होता. मी तो स्पीकरवर लावला होता, हे माझं दुर्दैव. त्यानं सांगितलं होतं, "बंदरावर खलाशांका टोचूक लागलेले. आमचो नंबर फुडल्या खेपेक होतो. पण लस संपली. ती भारतातना येवची होती, इली नाय. थंयचो डॉक्टर माकाच इचारता, तुमच्याकडना कधी येतली? मी काय सांगू तेका?"

आईनं बाबांकडे बघितलंही नाही. मी बघितलं. मला त्यांची दया आली आणि तितकाच रागही आला. आणि तो राग कुणावर काढायचा ते कळेना. काकीवर? तिनं काय चुकीचं मागितलं होतं? टीव्हीवर? त्या बंदरावरच्या अनोळखी डॉक्टरवर, जो आमच्या पोराला टोचायला तयार होता? आपला तो बाब्या म्हणतात, पण आमचा बाब्या दुसऱ्याच्या दारात उभा होता आणि त्या दारात आम्ही दुसऱ्याचं कार्टं होतो.

मग भावाला ताप आला. दोन आठवडे तो त्या परक्या गावातल्या इस्पितळात पडून होता. कुणी एक नर्स त्याच्याच फोनवरून आम्हाला अंगठ्याचं चित्र पाठवायची, म्हणजे आज बरा. ज्या दिवशी चित्र यायचं नाही त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटायची ती फक्त चहापुरती.

तो वाचला. घरी आला, पण आधीचा आला नाही. जहाजाच्या डॉक्टरी तपासणीत तो आता बसत नाही. सड्याची चढण अर्ध्यावर त्याला थांबवते. लस मिळाली असती तर हे टळलं असतं का, कुणी छातीठोक सांगू शकत नाही. शहाणी माणसं सांगतात की असा विचार करू नये. काकी मजेत आहे, खळ्यात मिरच्या वाळत घालते, माझ्या भावाला बोलावून बोलावून सोलकढी पाजते. आणि मी तिच्याकडे बघून विचार करतेच.

बाबांनी गाऱ्हाणं घालणं सोडलं. घसा बसतो म्हणून सांगितलं आणि मान आपल्या चुलतभावाकडे दिला. गावाला वाटतं, वय झालं. गेल्या हंगामात आम्ही तिघं खळ्यात पेट्या भरत होतो, तेव्हा भावानं सहज विचारलं, "बाबानू, तुमचो घसो तर बरो आसा. मगे गाऱ्हाणा कित्याक घालणास नाय?"

बाबांनी हातातला आंबा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. शब्द न शब्द, जसा देवापुढे उच्चारला होता तसा. चार वर्षं मी वाट बघत होते की हे कधीतरी बाहेर पडेल, आणि पडलं तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

भाऊ ऐकून हसला. मनापासून हसला. "इतक्याच मां? मी गावात आसतंय तर सगळ्यांत मोठो आवाज माझोच आसतो."

बाबा उभे राहिले.  "तसा नको म्हणा," ते म्हणाले. "गावान नारळ दिले, काकी पाया पडाक इली. तू तरी माका गाळी घाल रे."

भाऊ काहीतरी बोलायला गेला, पण त्याला खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबेपर्यंत बाबा तसेच त्याच्यासमोर उभे राहिले.