पाट बुजवला त्या वर्षी

सासऱ्यांच्या कुत्र्याला नाव नव्हतं. आबा त्याला 'भाऊ' म्हणत. मला नुसतं 'पोरी' आणि कुत्र्याला भाऊ, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात खटकलं होतं. मी धुळ्याच्या गल्लीत वाढलेली. कुत्रं दिसलं की 'हाड' म्हणायचं, यापलीकडे त्या जातीशी माझा संबंध नव्हता. पाचोऱ्याजवळच्या मळ्यात नांदायला आले तेव्हा घरात आम्ही तीन माणसं, नवरा, आबा आणि मी. सासूबाई आधीच गेलेल्या. त्यामुळे आबांची भाकरी आणि भाऊची भाकरी, दोन्ही माझ्याच गळ्यात पडल्या.

त्याला दिसेनासं होतंय हे पहिल्यांदा मला कळलं. सकाळी चुलीपुढून मी भाकरीचा तुकडा फेकायचे आणि तो उंबऱ्याबाहेरून वरच्या वर झेलायचा. लग्नाला तीन वर्षं झाली असतील, एका सकाळी तुकडा त्याच्या नाकावर आपटून खाली पडला. मी हसले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तो तुकडा पायाशी पडलेला असून हुंगत भलतीकडेच गेला, आणि मला हसू आलं नाही. जवळ जाऊन पाहिलं तर दोन्ही बुबुळांवर निळसर साय आली होती.

मी आबांना सांगितलं. ते विडी विझवत म्हणाले, "त्याले बठ्ठं दिसस. म्हातारा व्हयना, आयस करस. तू तुनं काम कर."

त्यांच्या मते त्याला सगळं दिसत होतं, तो नुसता म्हातारपणाचा आळस होता. नवऱ्याने मात्र ऐकलं. पाचोऱ्याला दुधाचा टेंपो जायचा, त्यातून भाऊला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. मीही बरोबर गेले. डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळे पाहिले आणि म्हणाले, आता औषधाचा उपयोग नाही, पण कुत्रा जगेल. वासावर जगेल, सवयीवर जगेल. "एकच पथ्य पाळा. त्याच्या वाटेतली कुठलीही वस्तू जागेवरून हलवू नका."

ते पथ्य मी असं पाळलं की घरातली माणसं वैतागली. ओट्यावरची बाज एक वीत सरकली तरी मी परत ओढायचे. पाण्याचं जर्मनचं भांडं निंबाच्या बुंध्याशी, नेहमी त्याच खळग्यात. नवऱ्याने एकदा मोटरसायकल दारात आडवी लावली तर मी त्याला जेवता जेवता उठवून ती काढायला लावली. भाऊच्या अंगाला हात लावायच्या आधी मी बांगड्या वाजवायचे, म्हणजे तो दचकायचा नाही. पुढे पुढे बांगड्या वाजल्या की तो उठून शेपूट हलवत माझ्या दिशेने यायचा आणि डोकं माझ्या गुडघ्याला टेकवून उभा राहायचा. मला त्याचा लळा लागला होता. तसं कबूल मात्र मी कुणापाशी केलं नसतं.

घरात तो सुखरूप होता. मला धास्ती होती ती विहिरीची.

विहीर घरापासून दोनेकशे पावलांवर. मोटेच्या काळातली, खोल. जिकडून बैल मोट ओढायचे त्या धावेच्या बाजूला कठडा नव्हता, जमीन सरळ जाऊन संपायची. त्या काठापासून दोन हातांवर दगडी थारोळं होतं, म्हणजे मोटरचं पाणी जिथे पडतं ती टाकी. थारोळ्यातून पाट निघायचा आणि घराजवळून वळून केळीच्या बागेत शिरायचा. आबा सकाळीच विहिरीवर जाऊन बसत. न्याहारीच्या वेळी भाऊ एकटा निघायचा, पाटाच्या ओल्या काठाने नाक खाली घालून थेट थारोळ्यापर्यंत. तिथे धो धो पाणी पडत असायचं. तो पाणी प्यायचा, उजवीकडे वळायचा आणि आबांच्या पायाशी जाऊन पडायचा. आंधळा झाल्यावरही त्याचा हा क्रम एकही दिवस चुकला नाही. मी घमेल्यात भाकऱ्या घेऊन मागून जायचे आणि तो वळेपर्यंत त्याच्यावरून नजर काढायचे नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. विहिरींचं पाणी दर उन्हाळ्याला खाली चाललं होतं आणि आमच्या भागात ठिबकचं वारं आलं होतं. नवऱ्याने शेजारच्या दोन बागा पाहिल्या आणि पक्कं केलं, पाटाने बाग भिजवण्याचे दिवस संपले. काळ्या नळ्यांची वेटोळी आली. मजुरांनी चार दिवसांत पाट बुजवला. थारोळ्याचे दगड उखडून ते ठिबकच्या नव्या फिल्टरच्या खाली पायाला घातले. विहिरीतून आलेलं पाणी आता नळीतच शिरायचं आणि केळीच्या बुंध्याशी थेंब थेंब पडायचं. मोटर घरघरायची, पण पाण्याचा आवाज म्हणून कुठे नव्हता. मला ती शांतता मुळीच आवडली नाही. दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

घरातली बाज वीतभर हलू न देणारी मी. अख्खा मळा हलला तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

पहिले दोन दिवस भाऊ अंगणातच घुटमळला. मग त्याला बुजवलेल्या पाटाची भुसभुशीत माती पायाला सापडली. तिच्यावरून तो हळूहळू पुढे गेला. आबा सोबत चालत होते, "चाल, भाऊ, चाल." विहिरीपाशी त्यांनी त्याला मानेला धरून वळवलं. मजूरही कौतुकाने पाहत होते. मला ते बघवेना. मी म्हटलं, "आबा, थोडे दिवस त्याला बांधून ठेवू. नवी वाट अंगवळणी पडू दे."

आबा मजुरांसमोर म्हणाले, "बांधानंच व्हई ते माले बांध. तू शहरनी, तुले काय समजस त्यानं?"

मजूर हसले. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्या दिवसापासून मी आबांशी बोलणं टाकलं. ताट वाढायचं, तांब्या ठेवायचा, शब्द काढायचा नाही. मी तशी कोपिष्ट आहे, माझी आई मला त्यावरून धारेवर धरायची. आबाही काही कमी नव्हते.

अबोल्याच्या दुसऱ्या दिवशी मी न्याहारी घेऊन निघाले. आबा आता विहिरीवर नुसते बसत नव्हते, नळ्यांची छिद्रं तुंबली का ते बघत बागेत फिरायचे. भाऊ माझ्या पुढे, भुसभुशीत मातीवरून, नाक खाली. थारोळं होतं ती जागा आली. तिथे ना दगड लागला, ना पाणी वाजलं. तो वळला नाही. सरळ गेला. घमेलं हातात, मला हाक मारायचं, बांगड्या वाजवायचंसुद्धा सुचलं नाही. त्याचे पुढचे पाय काठावर टेकले आणि एक ढेकूळ सुटून खाली गेलं. कितीतरी वेळाने ते दगडावर आपटल्याचा आवाज आला. विहिरीच्या त्या बाजूला तळ उघडा पडला होता.

भाऊ मागे सरला आणि मातीत बसला. थरथरत होता. मी त्याला छातीशी धरून बागेच्या कडेला सावलीत नेलं.

आबा बागेतून आले, हात धुतले, जेवायला बसले. वाक्य माझ्या जिभेवर होतं. 'आबा, हा आज पडला असता.' एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी पहिला घास घेतला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"भाजीले मीठ कमी शे."

मी वाक्य गिळलं. मीठ आणायच्या निमित्ताने उठले आणि घरी निघून आले. मनात म्हटलं, असू दे, त्यांनाच दिसू दे, म्हणजे कळेल शहरनीला काय समजतं ते. अगदी याच शब्दांत म्हटलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगेन असंही ठरवलं होतं. तो नळीचे जोड घेऊन पाचोऱ्याहून आला, दमलेला, आणि मी त्याला वाढलं. मी विसरले असं पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगितलं. विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्यांना उशीर झाला. मी चुलीपाशी असताना भाऊ एकटाच निघून गेला. थोड्या वेळाने एक मजूर धावत आला आणि दारातच थांबला. त्याने काही सांगायच्या आत मी परात खाली ठेवली.

आबा विहिरीत उतरले होते, कमरेला दोर बांधून, कपारीच्या दगडांवर पाय ठेवत. सत्तरीचा माणूस. नवरा वरून "आबा, मी जातो" म्हणत राहिला, पण त्यांनी ऐकलं नाही. तळाशी वाकले, डोक्याचा रुमाल सोडला आणि भाऊला त्यात गुंडाळून पाठीशी बांधलं. वर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही पोटऱ्या खरचटल्या होत्या. भाऊचं डोकं त्यांच्या खांद्यावरून लोंबत होतं. मी उगीच बांगड्या वाजवल्या. का ते मला माहीत नाही.

बांधावर त्याला पुरलं. दुपारी नवऱ्याने धावेच्या बाजूला बाभळीच्या काटेरी फांद्या ओढून लावल्या. आबा ओट्यावर बसले होते, मी हळद घेऊन त्यांच्या पोटऱ्यांना लावायला गेले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"मीच त्याले मारं," ते म्हणाले. "तू सांगं व्हतं बांधाले. मी आयकं नही."

हीच वेळ होती. कालचं सगळं सांगून टाकायचं होतं मला, हळदीची वाटी हातात होती. मी विचारलं ते भलतंच. "आबा, तुम्ही कधी त्याला काठाशी गेलेला पाहिला नाहीत?"

"नही. तू?"

मी मान हलवली. नाही.

आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जर तुले दिसतं, ते तू माले सांगतीच. माले ठाऊक शे."

त्यानंतर आबा नऊ वर्षं जगले. माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाही, मिठावरून तर नाहीच. मळ्यात कुणी पाहुणा आला आणि कुत्र्याचा विषय निघाला की माझ्याकडे हात करून सांगायचे, "आमनी सूननी त्याले भलता जीव लावा व्हता." पाहुणा माझ्याकडे कौतुकाने बघायचा. मी चहा ठेवायला आत जायचे.