रंगखान्यातले कराटे मास्तर

मास्तरांचे हात कोपरापर्यंत निळे असत. दिवसभर चादरींचं सूत रंगवायचं आणि संध्याकाळी त्याच रंगखान्याच्या अंगणात कराटे शिकवायचं, हा त्यांचा नेम. आमचे पट्टेही ते सुताच्याच पिंपात रंगवत. सलाम शिष्यानेच आधी वाकून करायचा, हा नियम कडक होता.

पाच जणांचा वर्ग वाढत गेला आणि अंगण पुरेना. तेव्हा एका कारखानदाराने आपला हॉल देऊ केला.

"फक्त त्या विडीवाल्या बायकांच्या पोरी नकोत, मास्तर. चांगल्या घरची मुलं येणार नाहीत."

हॉलच्या मोहाने आम्ही सगळे गप्प राहिलो, याची मला आजही लाज वाटते.

मास्तर हसले. "हॉल लई झ्याक हाय की, शेठ. पण पुढच्या रांगेत त्याच हायत. त्यांना काढल्यावर मागच्यांनी बघायचं कुणाकडं?"

दुसऱ्या दिवसापासून आमचा वर्ग त्याच अंगणात गिरणीसारखा दोन पाळ्यांत भरू लागला. महिन्याभरात सुताच्या लडींशेजारी आमच्या शाळेचा पहिला तपकिरी पट्टा वाळत पडला. तो एका विडीवालीच्या थोरल्या लेकीने मिळवला होता. मास्तरांनी तो तिच्या कमरेला बांधला, मग ते दोन पावलं मागे सरले आणि तिच्याआधी स्वतः वाकले.