पडून राहिली ना!

टोपीवाल्या मामांच्या दुकानात "लवकर द्या हो" म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच, तर मामा रागावत नसत. समोरच्या चहाच्या टपरीकडे बोट दाखवत आणि अगदी प्रेमाने म्हणत, "तिकडं जा ना बाप्पा, तिथं लवकर भेटते." आता असं कुणी दुकान चालवतं का? पण नागपुरात सदरमधल्या त्या बोळीत, कडुलिंबाखाली, सत्तरच्या दशकात ते चालत होतं खरं.

मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर. दिवसभर कानात "लवकर जोडा" आणि तोंडात "होल्ड करा". पाळी संपली की डोकं भणभणायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा मीही घाई केलीच. माझा स्वभावच तसा, कढईत पडलेल्या मोहरीसारखा. पण मामांनी मला टपरी दाखवली नाही. बुटकं स्टूल पुढे सरकवलं. बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे, असलं ते स्टूल! म्हणाले, "काहून एवढी घाई करून राहिली वं? बस. तिले पडू दे."

'ती' म्हणजे कॉफी. मामा तरुणपणी फौजेत आचारी होते. चोपन्न साली व्हिएतनामात लढाई थांबल्यावर तिथे देखरेखीला आपले लोक गेले, त्यांच्या जेवणाखाणासाठी मामा हनोईला गेले. येताना ट्रंकेतून चार-पाच ॲल्युमिनियमच्या वाट्या घेऊन आले. तळाला बारीक भोकं असलेली ही वाटी काचेच्या ग्लासावर बसवायची. आत कॉफीची भुकटी, तिच्यावर दाबून बसवायची चकती, मग उकळतं पाणी आणि वर झाकण. ग्लासात आधीच बोटभर घट्ट गोड दूध असायचं. त्यावर काळीभोर कॉफी थेंब थेंब पडायची. वाटीचं तिथलं नाव 'फिन'. पण ग्लासाच्या डोक्यावर बसते म्हणून बोळीने तिला टोपी केलं, आणि मामा टोपीवाले झाले. "मामा, आज कोणाले टोपी घातली?" असं येणारा-जाणारा विचारायचा. मामा म्हणायचे, "तुलेच राहिली बे घालाची. ये."

बिया ते स्वतः भाजत, लोखंडी कढईत, लोण्याचा गोळा टाकून. भाजण्याच्या दिवशी धुराने बोळ भरून जायची. वरच्या मजल्यावरच्या बायका वाळत घातलेले कपडे भराभर ओढून घ्यायच्या आणि मामांचा उद्धार करायच्या. त्याच बायका उन्हाळ्यात, नागपूर तव्यासारखं तापलं की, बर्फावर ओतलेल्या कॉफीसाठी पोरांच्या हाती ग्लास धाडायच्या. मामा हसत हसत भरून द्यायचे.

रोजची पहिली कॉफी मात्र विकायची नाही. मामांच्या घरी छप्पन साली धम्म घेतलेला. दुकानात बुद्धाची तसबीर होती. पहिला ग्लास तिच्याखाली ठेवत. इंदोरा वस्तीतले त्यांचे मित्र चिडवायचे, "काहून गा, बुद्धाले कॉफी पाजून राहिला का?" मामा एरवी थट्टेत सामील व्हायचे, इथे गंभीर व्हायचे. "त्याले नाही गा. म्हातारीले." हनोईच्या एका जुन्या कॉफीच्या दुकानातल्या म्हातारीने त्यांना हे सगळं शिकवलं होतं. तिची भाषा यांना येत नव्हती, यांची तिला. तिच्याही दुकानात बुद्ध होता आणि पहिला पेला त्याच्यापुढे असायचा. निघताना तिने या टोप्या मामांच्या हातात ठेवल्या आणि खुणेनेच सांगितलं, लोकांना पाज. "आता हे माह्यासंगंच गेलं तर त्या म्हातारीले काय तोंड दाखवू?" मामांना रात्रंदिवस हा एकच घोर होता.

पुण्याचा मुलगा मला बघायला आला, तेव्हा पोह्यांचा कार्यक्रम झाल्यावर मी त्याला सरळ मामांकडे घेऊन गेले. आईने डोळे वटारले, पण मी कसली ऐकते! नवख्याची टोपी मामा आपल्याजवळच ठेवत, कारण नवखी माणसं झाकण उचलून हात भाजून घेतात. बराच वेळ झाला तसा मुलगा चुळबुळायला लागला.

"आमची कॉफी?" त्याने विचारलं.

"पडून राहिली ना साहेब," मामा म्हणाले.

"पडून राहिलीये? अहो, मग आणा की! थंड होईल!"

"आता कशी आणू? पडून राहिली म्हणतो ना!"

"अहो, पण पडून का ठेवलीत?"

अख्खं दुकान हसायला लागलं. आमच्याकडे 'पडून राहिली' म्हणजे पडते आहे, आत्ता, या क्षणाला. पुण्यात तेच म्हणजे कुणी हात न लावता तशीच टाकलेली. मला हसून बोलता येईना. तो लालबुंद झाला, मला वाटलं आता उठून जातो. मामांनी त्याला जवळ बोलावलं, ग्लासासमोर बसवलं आणि म्हणाले, "पाहा. पडून राहिली का नाही?" तो वाकून बघत बसला. शेवटचा थेंब पडेपर्यंत बसला. मी घरी येऊन होकार दिला.

त्याच सुमारास कोपऱ्यावरच्या हॉटेलात वाफेची मशीन आली. फुस्स केलं की फेसाळ कॉफी तयार, वर कोकोची पूड. पोरं तिकडे वळली. मामांचा मुलगा हिंगण्याच्या कारखान्यात होता, तो म्हणाला, "बाबा, आपणही मशीन घेऊ, नाही तर बंद करू." चूक नव्हती त्याची. त्याने वेळ कुठून आणायचा? मामा म्हणाले, "मशीन आणशीन, पण थेंब कुठून आणशीन?" आणि रिकाम्या स्टुलांसमोर बसून राहिले. मला फार राग यायचा त्या फेसाचा.

लग्नात मामांनी आहेर म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक टोपी दिली. मी रडायला लागले. "रडू नको वं. चकती जास्त दाबू नको, थेंब अडते. आन् जवाईबापूले घाई करू देऊ नको." मग हळूच म्हणाले, "एक तरी चालू राहिली पाहिजे ना."

काही वर्षांनी मामा गेले. त्यांच्या मुलाचा पुण्याला ट्रंक कॉल आला. दुकान केव्हाच बंद झालं होतं. "बाकीच्या टोप्या फळीवर आहेत ताई, कोणी हात लावत नाही," तो म्हणाला. म्हणजे त्या पुण्याच्या अर्थाने पडून राहिल्या.

आमच्याकडे रविवारी सकाळी पहिला ग्लास बाजूला काढतो. एका म्हातारीचा होता, आता तिचा आणि मामांचा, दोघांचा आहे. मग दुसरा लावायचा. मी अजून तशीच, हॉलमधून ओरडते, "अहो, झाली का?" स्वयंपाकघरातून आमचं अस्सल सदाशिवपेठी माणूस शांतपणे उत्तर देतं,

"पडून राहिली ना वं!"