निळ्या पट्टीचा पोल

हे तुमच्या आजोबांनाही माहीत नाही. गेली अकरा वर्षं ते रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पितात, आणि गेली अकरा वर्षं मी त्यांना सांगितलेलं नाही. तुमच्या बाबांना नाही. देवापुढंसुद्धा मी ते शब्दांत कधी मांडलं नाही — तिथं नुसते हात जोडून उठते.

इरा, परवा तू लिहिलंस, की आजी, आम्ही दोघं डोंगरावर चाललोय, ट्रेकिंगचे पोल कसे निवडायचे ते तुला पक्कं ठाऊक आहे, लिहून पाठव. आणि खाली नीलनं एक हसरा चेहरा काढून जोडलं, आम्ही विमलआजीसारखं करणार नाही, नीट आवळून घेऊ.

यात तुमची काही चूक नाही. तुम्ही घरात जे ऐकलंत तेच लिहिलंत. लोणच्याच्या बरणीचं झाकण सैल राहिलं, नळ टपकत राहिला, की आपल्याकडे कुणीतरी म्हणतंच, "विमल झाली वाटतं." विमल स्वतःही म्हणायची. सगळ्यांच्या आधी म्हणायची, आणि हसायची.

तर आधी पोल.

सरळ उभं राहा, पोल पायाजवळ टेकवा. कोपर काटकोनात वाकलं पाहिजे, तीच तुमच्या पोलची उंची. चढताना थोडा आखूड करायचा, उतरताना थोडा लांब. पट्ट्यात हात खालून घालायचा, वरून नाही. म्हणजे भार मनगटावर येतो आणि मूठ मोकळी राहते. पिळून आवळायचे पोल घेऊ नका, बाहेरून चाप दाबून बंद होणारे घ्या. आणि दर वेळी लांबी बदलली की निघण्यापूर्वी सगळं वजन टाकून तीनदा दाबून बघा —

बघा, किती व्यवस्थित लिहिते आहे मी. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. हे पत्रही इंग्रजीत लिहिलं असतं, तर तुम्हाला सोपं गेलं असतं आणि मलाही. इंग्रजीत मी फार नीटनेटकं लिहिते. म्हणून मराठीत लिहितेय. अडलं तर बाबांकडून वाचून घ्या. त्यांनाही कळू दे.

विमल म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. तिनं लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायची, आणि आमच्याबरोबरच राहायची, संकठा घाटाच्या वरच्या याच गल्लीत. रोज पहाटे घाटावर स्नान. चाळीस वर्षांत तिचा नेम मोडला तो फक्त पुराच्या दिवसांत. तुम्ही तिला पाहिलंत ते पलंगावर, उशांना टेकून बसलेली. तुम्हाला वाटत असेल ती कायम तशीच होती. नव्हती. जिना ती दोन-दोन पायऱ्या सोडून चढायची, माझ्या आधी वर पोहोचायची आणि वरून विचारायची, "वहिनी, येतेस की होडी पाठवू?"

आम्ही तिघंही निवृत्त झाल्यावर आजोबांनी हट्ट धरला, एकदा तरी हिमालयातलं बुग्याळ बघायचं. बुग्याळ म्हणजे जंगल संपतं तिथून वर पसरलेलं गवताचं माळरान. तयारी अर्थातच माझ्याकडे आली. मी वाचलं, याद्या केल्या, एकाच बनावटीचे सहा पोल मागवले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिघांच्या कोपराच्या उंचीच्या खुणा केल्या. माझी आणि विमलची खूण एकाच रेषेवर आली. पोल सगळे सारखेच दिसायचे, म्हणून मुठीखाली इन्शुलेशन टेपच्या पट्ट्या लावल्या. आजोबांना लाल, मला पिवळी, विमलला निळी.

विमलला हे सगळं हास्यास्पद वाटत होतं. "अगं, तिथं बांबूची काठी मिळते. ही सर्कस कशाला?" तरी सरावाला आली. घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही पोल टेकत चढ-उतर करायचो, तेव्हा एक नाववाला ओरडला, "का माताजी, घाट पर बरफ पड़ल हौ का?" विमल थांबली आणि म्हणाली, "हाँ भइया, तू भी स्वेटर निकाल ले." सगळा घाट हसला. मी नाही हसले. मला वाटलं, माझ्या मेहनतीला हसतायत. एवढ्याशा गोष्टीनं माणसाच्या मनात अढी बसते का? माझ्या बसली.

चढताना तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी उतरायचं होतं. रात्री पाऊस पडून गेला होता, आणि खाली जाणारी दगडांची वाट आदल्या संध्याकाळीच मी वरून पाहून ठेवली होती — शेवाळलेली, सरळ खाली जाणारी. मला भीती वाटली होती. मी ती कुणाला दाखवली नाही. नियोजन करणाऱ्या बाईला भीती वाटते, असं कसं म्हणायचं?

सकाळी उतरणीसाठी आम्ही पोल लांब केले. विमलनं आपले दोन्ही आवळले आणि माझ्याकडे बघत, मला चिडवत, एकेक पोल दाबून मोठ्यानं मोजलं, "एकम्, द्वे, त्रीणि. झालं समाधान, बाईसाहेब?" पोल जागचा हलला नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग ते माझ्या पिशवीला टेकवून ती चहाच्या तंबूकडे गेली.

मग मी माझे दाबले. एक ठीक होता. दुसरा तिसऱ्या दाबाला वीतभर आत गेला. पुन्हा आवळला, पुन्हा गेला. आतली पकड झिजली होती.

आमचा गाइड वीस पावलांवर तंबू गुंडाळत होता. त्याच्याजवळ बांबूच्या काठ्या होत्या, मला दिसत होत्या. "भैया, मेरा पोल खराब है, एक लकड़ी देना" — एवढंच म्हणायचं होतं. त्या काठ्या पाहिल्या आणि मला विमलचं हसू ऐकू आलं. ती अजून हसलीही नव्हती. तरी ऐकू आलं.

आता मी सांगते ते सावकाश वाचा. मला ते भरभर लिहून टाकायचं नाहीये.

टेपच्या गुंडाळ्या माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये होत्या. मी माझा बिघडलेला पोल ओढून पुन्हा लांब केला आणि त्यावरची पिवळी पट्टी काढली. विमलच्या एका पोलवरची निळी काढली. माझ्यावर निळी लावली, तिच्यावर पिवळी. नखानं कड दाबून बसवली, सुरकुती राहू दिली नाही. दोन मिनिटं लागली असतील. दोन मिनिटं म्हणजे पुष्कळ वेळ असतो, मुलांनो. तेवढ्यात थांबता येतं. मी मनाशी म्हणत होते, ती हलकी आहे, ती पोलवर फार भार टाकत नाही, ती माझ्यासारखी घाबरट नाही. मी हेही म्हणत होते, की थोडं खाली गेलो की सांगेन. तिनं येऊन निळ्या पट्टीचे दोन्ही पोल उचलले. पुन्हा दाबून बघितले नाहीत — कशाला बघेल? तिनं बघून ठेवले होते.

अर्ध्या तासानं ती पडली. ती माझ्या मागे होती. मी आवाज ऐकला आणि वळायच्या आधीच मला कळलं.

आजोबा धावत वर आले. त्यांनी तो पोल उचलला आणि म्हणाले, "हा तर आत गेलाय! आवळला नव्हतास का, विमल?" ती वेदनेनं पांढरी पडली होती. म्हणाली, "आवळला होता, दादा. तीनदा दाबून पाहिला."

मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी आपण होऊन बोलले. म्हणाले, "नाही गं. तू चहाला पळालीस. राहिला आवळायचा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही. मी नियोजन करणारी, मी लक्षात ठेवणारी. मी म्हणते म्हणजे तसंच असणार. "असेल," ती म्हणाली. "राहिला असेल."

मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं होतं. चौघांनी तिला खाली आणलं. शस्त्रक्रिया झाली, पाय आखूड राहिला. या गल्लीतून घाटापर्यंतच्या पायऱ्या तिला पुन्हा उतरता आल्या नाहीत. मी रोज लोटाभर गंगाजल आणून तिच्या अंगावर शिंपडायचे. शेजारच्या बायका सुनांना म्हणायच्या, नणंदेचं करावं तर यांच्यासारखं. मी ते ऐकून घेतलं. मला बरंही वाटायचं. हेही खरं आहे, म्हणून लिहिते.

पण पाय हे सगळ्यात मोठं नुकसान नव्हतं. तिला हजारो श्लोक पाठ होते. पुस्तक न उघडता ती शिकवायची, आणि कुणी पाठभेद काढला तर शांतपणे म्हणायची, "नाही, मला आठवतंय." त्या दिवसानंतर हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नाही. "वहिनी, मी गॅस बंद केला ना?" "वहिनी, मी औषध घेतलं का गं?" केलेला असायचा. घेतलेलं असायचं. श्लोक म्हणताना मध्येच थांबायची आणि पुस्तक मागायची, आणि पुस्तकात तिचंच बरोबर निघायचं. तरी पुढच्या वेळी पुन्हा मागायची. शिकवणीला मुली यायच्या, त्यांचं येणं तिनं हळूहळू बंद केलं. म्हणायची, माझा आता भरवसा नाही.

एका वाक्यानं मी तिला ते परत देऊ शकत होते. अकरा वर्षं, रोज. किती दिवस होतात? मी मोजले नाहीत. मला मोजता येतं, पण मोजले नाहीत.

गेल्या माघात ती गेली. नदी बघायला ती अखेर गेली ती खांद्यांवरून, मणिकर्णिकेला.

त्याच्या आठेक दिवस आधी दुपारी मी तिचे केस विंचरत होते. आजोबा बँकेत गेले होते. ती म्हणाली, "वहिनी, एक बोलायचं राहिलंय. तुला आणि दादाला किती हिंडायचं होतं. माझ्या धांदरटपणामुळे सगळं राहून गेलं तुमचं. कधी बोलले नाही, पण मनात फार आहे माझ्या. मला माफ कर गं."

फणी माझ्या हातात होती. घरात आम्ही दोघीच होतो.

मी म्हणाले, "असू दे, विमल. केलं माफ."