हिला लागत नाही

"हिला फेक. जोरात फेक. भिलाटीतली पोर आहे, हिला लागत नाही."

सर हे सेठजींसमोर म्हणाले. सेठजींची मुलगी कविता माझी कॉलर धरून उभी होती. तिने मला फेकलं. काथ्याच्या गादीवर पाठ आपटली. सेठजी खुर्चीतून म्हणाले, "वा." मी उठले. पुन्हा तिच्या हातात कॉलर दिली.

धुळ्यातला ज्युडोचा हॉल. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी सोळा वर्षांची. गाद्या सेठजींनी दिलेल्या, दारावर त्यांच्या वडिलांचं नाव. मला आत घेतलं ते कविताला जोडीदार हवी म्हणून. जोडीदार म्हणजे पडणारी. डाव मला कुणी शिकवला नाही. कमर कुठे घुसते, बाही कधी ओढतात, पाय केव्हा सुटतो, हे मी पडता पडता शिकले. माझ्या पाठीला सगळं पाठ झालं होतं.

घरी, भिलाटीत म्हणजे आमच्या भिल्ल वस्तीत, आई पाठीला हळद लावायची.

"कोनी मारं तुले?"

"कोनी नही, माय. खेळ शे."

"मंग तू बी मारस का?"

हॉलमध्ये जायला लागून दोन वर्षं झाली होती. मी एकदाही फेकलं नव्हतं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या रात्री आईचा हात पाठीवर होता आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

राज्य स्पर्धेसाठीची निवड जळगावला होती. एसटीत सर शेजारी येऊन बसले. पारोळं मागे पडलं होतं.

"शेवटची लढत तुम्हा दोघींचीच होणार. दोन मिनिटं खेळ, मग पड. तुला काय, सवय आहे."

"सर, मला लागतं."

"काय?"

"मला लागतं. रोज लागतं."

"नाटकं नकोत," म्हणाले आणि उठून पुढे गेले.

तसंच झालं. शेवटी आम्ही दोघीच. सेठजी पहिल्या रांगेत. कविताने कॉलर धरली. दोन मिनिटं झाली तशी ती हळूच म्हणाली, "पड ना."

रागाने नाही. पाणी दे ना म्हणावं तसं. तिला खरंच वाटत होतं की मी विसरले.

मी तिची बाही ओढली. कमर आत घातली. ती माझ्यावरून गेली आणि पाठीवर पडली. पंचांनी हात वर केला. पूर्ण गुण. हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. कविता तशीच पडून छताकडे बघत होती. कसं उठायचं ते तिला माहीत नव्हतं.

संध्याकाळी यादी लागली. कविताचं नाव वर. माझं खाली, पुढे 'राखीव'.

मी निवड समितीच्या टेबलापाशी गेले. "मी जिंकले. मग राखीव का?"

"तुला अनुभव कमी आहे," तिथले साहेब म्हणाले.

"हे लिहून द्या."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी उभीच राहिले. धुळ्याची गाडी गेली तरी उभी होते. त्यांनी लिहून दिलं नाही.

कविता राज्याला गेली. मी गेले नाही. हॉलचं दार मला बंद झालं.

नरडाण्याला एका कारखान्यातले कामगार, सगळे त्यांना भाऊ म्हणत, सुटीच्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये किक-बॉक्सिंग शिकवायचे. तिथे गेले. पहिल्याच दिवशी भाऊंनी मला ठोसा कसा मारायचा ते दाखवलं. कसा खायचा ते नंतर. पुढे रिंगमध्ये लढले. पुष्कळ वेळा हरले. नाक दोनदा मोडलं. पण ज्या ज्या वेळी हरले, समोरची भारी होती म्हणून हरले.

एकदा जळगावलाच लढत होती. हातमोजे बांधून झाले होते. आयोजक वाकून म्हणाला, "ताई, तिसऱ्या फेरीत खाली बसा. समोरची एका मोठ्या साहेबांची पोरगी आहे."

मी उठून रिंगकडे निघाले.

"तिला म्हणावं, पाडून दाखव," मी म्हणाले. "मी आपणहून पडत नाही."