जीपसाठी डिझेल इंजिन निवडताना

निवृत्तीनंतर सुनंदा आणि मी आमच्या जुन्या जीपने हिमालयात, स्पितीला जाणार होतो. त्याआधी जीपचं इंजिन बदलायचं होतं. गॅरेजात दोन डिझेल इंजिनं होती. एक नवं, कॉम्प्युटरवर चालणारं, ताकदवान; दुसरं जुन्या, साध्या बनावटीचं. मला नवं आवडलं.

"डोंगरात बंद पडलं तर?" सुनंदाने विचारलं.

"ते इथेच आणावं लागेल," मिस्त्री म्हणाले. "हे जुनं तिथला ट्रॅक्टरवालाही उघडून दुरुस्त करेल. पण हे चढाला दमेल."

त्यांनी जुनं सुरू केलं. धडधडीने टेबलावरची पाना-पक्कड नाचू लागली.

"दमू दे की! थांबू, चहा करू," सुनंदा माझ्या कानाशी ओरडली.

दूरच्या वाटेवर खरंच अशी सोबत हवी, दमल्यावर निवांत थांबू देणारी. आम्ही जुनंच घेतलं. त्या धडधडीत एकमेकांचं बोलणं धड ऐकू येत नव्हतं, तरी दोघंही हसत होतो.